निळे ट्रे फाटकाच्या आतच: प्लास्टिकच्या अंडी ट्रेचा माझा अनुभव

पुठ्ठ्याचे ट्रे सोडून प्लास्टिकचे घ्यावेत का, असं ओळखीचे बरेच लेयरवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे, विचारतात. माझं उत्तर आधीच सांगते: घ्या. पण अंडी कमी फुटतील किंवा पुठ्ठ्याचा खर्च वाचेल एवढ्याच आशेने घेणार असाल तर थोडी निराशा होईल. हे ट्रे घ्यायचे ते बर्ड फ्लूसाठी, आणि घेतल्यावर एक नियम कसोशीने पाळायचा. हे ट्रे फाटकाबाहेर जाणार नाहीत आणि बाहेरचा एकही ट्रे आत येणार नाही. हा नियम पाळायची तयारी नसेल तर रोगाच्या दृष्टीने प्लास्टिक आणि पुठ्ठा सारखेच. उलट प्लास्टिक टिकतं जास्त, म्हणजे ते जास्त फार्म फिरून येणार.

आमचा फार्म साक्री तालुक्यात, दहिवेलजवळ. दोन शेड, पिंजऱ्यातल्या आठ हजार लेयर. रोज सात हजारांच्या आसपास अंडी निघतात, म्हणजे २३०-२३५ ट्रे. थोडा माल धुळ्याला जातो, बाकी सगळा कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला. त्याच रस्त्यावर, घाटाच्या खाली, नवापूर आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तो पुन्हा तिथेच आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. दोन्ही वेळा आमच्या कोंबड्या वाचल्या. पण अंडी नेणारी पिकअप घाटाखालच्या फार्मांवरही जाते आणि आमच्याकडेही येते, हे आमच्या घरात तेव्हापासून कुणी विसरलेलं नाही.

घेतलेले ट्रे साधेच आहेत. ३० अंड्यांचे, पॉलिप्रॉपिलीनचे, तळाला जाळी असलेले. एकूण ७०० घेतले, त्यात ४०० निळे आणि ३०० पिवळे. निळे पहिल्या शेडचे, पिवळे दुसऱ्या शेडचे. वाहतुकीसह एक ट्रे ३२ रुपयांना पडला, म्हणजे सगळे मिळून २२,४०० रुपये. अंड्यावर आलेल्या तलंगेचा, म्हणजे तरुण कोंबडीचा, भाव पाहिला तर साठ-सत्तर तलंगांची किंमत. आठ हजारांच्या फार्मला हा खर्च जड नाही.

आता पुठ्ठ्याचं काय वाईट, तर बाजारातून परत आलेला एखादा ट्रे उजेडात धरून पाहा. कोपऱ्यातल्या दोन-तीन खाचांत पिवळा बलक वाळून काचेसारखा झालेला असतो. त्याला एखादं बारीक पीस चिकटलेलं. कडेला विष्ठेचा हिरवट-पांढरा ओघळ, बोटाने खरवडला तर भुकटी होऊन पुठ्ठ्याच्या धाग्यांत शिरणारा. हा ट्रे कुठल्या फार्मवरून निघाला, सुरतेच्या कुठल्या गाळ्यात कुठल्या ट्रेवर रचला गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याला पाण्यात बुडवता येत नाही, लगदा होतो. वरून जंतुनाशक फवारलं तर वरचा थर ओला होतो आणि आतलं तसंच राहतं. आणि असा ट्रे आम्ही सगळे वर्षानुवर्षं थेट शेडमध्ये, पिंजऱ्यांच्या मधल्या वाटेत नेऊन ठेवत आलो.

बर्ड फ्लूला हेच हवं असतं. आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाका-तोंडातल्या चिकट स्रावातून विषाणू बाहेर पडतो. तिच्या अंड्याच्या कवचावर आणि आतही तो सापडतो, पिसांतही असतो. थंडी आणि ओलावा मिळाला की तो तग धरतो. विष्ठेत ४ अंश तापमानाला तो महिन्याहून जास्त जिवंत राहिल्याची नोंद आहे, तर ३७ अंशाला साधारण सहा दिवस. आमच्याकडे पौष-माघात पहाटे हात बधिर होतात. नवापूरला दोन्ही वेळा फेब्रुवारीच का निघाला, याचा निम्मा खुलासा मला या आकड्यांत दिसतो. दुसरा निम्मा पाणपक्ष्यांत. लाटीपाड्याच्या धरणावर थंडीत बदकं उतरतात, आणि रानबदकं बहुतेक वेळा हा विषाणू अंगावर फारसं न दाखवता पोटात घेऊन फिरतात. गावातली पाळीव बदकंही तसंच करू शकतात. म्हणून बदकं आणि कोंबड्या एका अंगणात ठेवू नका, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

पण धरणावरचं बदक माझ्या पिंजऱ्यात येत नाही. त्याची विष्ठा येते, कुणाच्या तरी चपलेला लागून, गाडीच्या टायरला लागून, उघड्या टाकीच्या पाण्यातून, नाहीतर आधी दुसऱ्या कुणाच्या फार्मवर रोग होऊन तिथल्या ट्रेमधून. वाऱ्याबरोबर धुळीतून तो शेजारच्या शेडपर्यंत जाऊ शकतो, ते मी नाकारत नाही. दूरदूर मात्र त्याला माणसंच पोहोचवतात. अमेरिकेत २०१५ साली सुमारे पाच कोटी कोंबड्या आणि टर्की गेल्या. तिथल्या कृषी खात्याने तपास केला तेव्हा फार्मा-फार्मांत सामाईक वापरलेली अवजारं, वाहनं आणि कामगारांची ये-जा याच गोष्टी पुढे आल्या. एवढा पैसा, एवढी यंत्रं असलेल्या देशात हे झालं.

एकदा शेडमध्ये शिरल्यावर तो कसा पुढे सरकतो, हे नीट समजून घ्यायला हवं. ट्रे कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नाही, ते त्यावरूनच ठरतं. गादीवरच्या, म्हणजे जमिनीवर तूस अंथरलेल्या शेडमध्ये सगळ्या कोंबड्या एकाच तुसावर चालतात, त्यातच चोच मारतात, त्यामुळे तिथे तो चहूकडे एकदम पसरतो. पिंजऱ्यात तसं होत नाही. तिथे सुरुवात बहुतेक एका कोपऱ्यात होते. दाराजवळची लाइन, ट्रेचा ढीग ठेवतो त्याच्या समोरचे पिंजरे, अशी. एका पिंजऱ्यात तीन-चार कोंबड्या. एकीला झाला की ती आजारी दिसायच्या आधीच विष्ठेतून, लाळेतून विषाणू टाकायला लागते. पिंजऱ्यातल्या बाकीच्यांना तो मिळतो. समोरची खाद्याची पन्हाळी सगळ्या लाइनीला एकच असते, शेजारच्या पिंजऱ्यातल्या कोंबडीची मान तिथपर्यंत पोहोचते. पाण्याचं निपल दोन पिंजऱ्यांना मिळून असेल तर तेही. असं करत तो लाइनीने सरकतो.

हे झालं कोंबडीकडून कोंबडीकडे. पण एका लाइनीतून दुसऱ्या लाइनीत तो उडी मारतो तेव्हा त्यात आमचाच हात असतो, अगदी शब्दशः. अंडी गोळा करणाऱ्या मावशी पहिल्या लाइनीच्या टोकापासून सुरू करतात. गळक्या अंड्याला, विष्ठा लागलेल्या अंड्याला हात लागतो, तोच हात पुढच्या पिंजऱ्याच्या तारेला, तोच ट्रेच्या कडेला. ट्रे भरला की ढिगावर जातो, खालच्या ट्रेतली अंडी वरच्याच्या तळाला लागलेली. रिकामा ट्रे पुन्हा त्याच वाटेने दुसऱ्या शेडमध्ये. शिवाय मेलेली कोंबडी उचलून तशाच हातांनी कुणी निपल तपासलं की झालंच. दोन-तीन दिवसांत कोंबड्या पटापट मरायला लागतात. तुरा आणि गळ्याखालचे लोंब सुजून निळे-काळे पडतात, पायांच्या नळीवर रक्ताळलेले डाग दिसतात, अंडी एकदम घटतात, मऊ कवचाची पडतात. काही वेळा यातलं काहीच न दिसता नुसत्या मरून पडतात. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) यातलं बरंच दिसतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहून निदान करता येत नाही. आणि शेडमधली मर शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

तर या साखळीत ट्रे दोन ठिकाणी बसतो. बाहेरून आत येताना आणि एका शेडमधून दुसऱ्यात जाताना. या दोन्ही ठिकाणी धुता येणारा, रंग ओळखता येणारा ट्रे खरोखर फरक पाडतो.

रंगाचं महत्त्व मला वापरायला लागल्यावर जास्त कळलं. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, कारखान्यातून नवे पुठ्ठ्याचे ट्रे आणा, तेच शेडमध्ये न्या, प्लास्टिकची भानगडच नको. कागदावर हे बरोबर आहे. पण नवा पुठ्ठा करडा आणि जुना पुठ्ठाही करडा. घाईच्या वेळी हाताला लागेल तो उचलला जातो, आणि संध्याकाळी पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. आता निळ्या ट्रेंच्या शेडमध्ये एक जरी करडा ट्रे असला तरी दारातूनच दिसतो. पहिल्या शेडमध्ये पिवळा दिसला तरी कळतं. कुणावर ओरडावं लागत नाही, कुणाला पकडावं लागत नाही.

फाटकाजवळ दोन दारांची एक खोली केली आहे. आतल्या दाराने निळे-पिवळे ट्रे येतात, खोलीत अंडी नव्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भरली जातात, सात-सात ट्रेच्या पेट्या होतात आणि बाहेरच्या दाराने जातात. पुठ्ठा गेला तो गेला, परत घ्यायचा नाही. ड्रायव्हर बाहेरच्या बाजूला थांबतो. सुरुवातीला तो वैतागायचा. "बेन, बाकी सगळे फार्मवाले आत गाडी लावू देतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला मी चहा बाहेर पाठवते, गाडी बाहेरच भरून देते, पण आत घेत नाही. अंडी घेणाऱ्या शेठनेही आधी कुरकुर केली. अंड्यामागे पुठ्ठ्याचे साधारण आठ पैसे पडतात, त्यातले निम्मे आता ते देतात. उरलेले चार पैसे माझे, आणि रोज सात हजार अंड्यांवर ते २८० रुपये होतात. या सगळ्या व्यवस्थेत खरा खर्च हाच आहे. प्लास्टिकचे पैसे एकदाच जातात, हे रोज जातात. हिशेब करताना हे लपवू नका, नाहीतर महिन्याभरात नियम मोडतो.

कामही वाढतं. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ताई, एकच काम दोनदाव कसाले करानं?" प्रश्न रास्त होता. त्यांना दोन्ही हातांत तीन-तीन अंडी धरून सहा-सहाने उचलायची सवय आहे, तरी दोघींचा सव्वा-दीड तास यात जातो. त्या तासाचे वेगळे पैसे लावले आणि नवापूरचं सगळं त्यांना बसून सांगितलं. त्यांच्या पाड्यावरही प्रत्येकाच्या घरी गावरान कोंबड्या आहेत, रोग काय करतो ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. आता नवीन पोरगा कामाला आला की त्याच त्याला रंगांचा नियम शिकवतात.

धुण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानदार याबद्दल अर्धवट सांगतात. नुसतं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलं की झालं, असं ते म्हणतात. तसं होत नाही. विष्ठा आणि बलक यांचा थर असेल तर क्लोरीन त्या घाणीतच खर्च होतं, आणि थराखालचा विषाणू सुरक्षित राहतो. म्हणून आधी कपड्याच्या पावडरीच्या पाण्यात भिजवून ब्रशने घासायचं. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं, त्यामुळे हा टप्पा अर्ध्याहून जास्त काम करतो. मग स्वच्छ पाण्याने खळबळून, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवून दहा मिनिटं, मग वाळवण. जंतुनाशकाचं पाणी रोज ताजं करायचं. कालचं ब्लीचिंगचं पाणी म्हणजे नुसतं वासाचं पाणी. आम्ही धुण्याची जागा शेडपासून लांब ठेवली आहे, पाणी शोषखड्ड्यात जातं, आणि प्रेशरचा पंप ट्रेवर मारत नाही. त्याचे तुषार कुठे कुठे उडतात ते सांगता येत नाही.

आता वस्तूच्या तक्रारी.

पहिला माल आला त्यात दोन प्रकारचं प्लास्टिक मिसळलेलं होतं. काही ट्रे चकचकीत आणि लवचीक, काही मळकट, हाताला खरखरीत आणि जळकट वासाचे, म्हणजे भंगार वितळवून केलेले. मळकट ट्रेंच्या कडा काही आठवड्यांतच तडकल्या. विक्रेत्याने निम्मे बदलून दिले, उरलेल्यांसाठी अजून फोन करावे लागत आहेत. घेताना एक ट्रे हातात घेऊन दोन टोकांनी पिळून पाहा. चांगला ट्रे वळतो आणि परत सरळ होतो. वजनही करून पाहा, हलका ट्रे स्वस्त पडतो पण अंड्यांनी भरलेला एका हाताने उचलला की मध्ये खचतो.

उन्हात दिवसभर टाकले तर चांगले ट्रेही ठिसूळ होतात. धुतल्यावर तास-दीड तास ऊन द्यायचं आणि सावलीत उभे रचायचे. पिवळ्यांचा रंग उडायला लागला आहे, निळे तसेच आहेत. रंगावरच सगळी भिस्त असेल तर गडद रंगच घ्या.

खाचेच्या मधल्या खांबाच्या मुळाशी एक बारीक कोपरा राहतो, तिथे बलक अडकतो आणि साध्या ब्रशने निघत नाही. आम्ही बाटल्या धुण्याचे लांब ब्रश आणले. ट्रे बनवणाऱ्यांनी तो कोपरा गोल केला तर मोठं काम होईल. मोठी अंडी असतील तर तीही अडचण आहे. जुन्या लॉटची ६५ ग्रॅमच्या पुढची अंडी ट्रेच्या कडेच्या वर डोकं काढतात आणि आठाच्या पुढे थर लावला की तळाच्या ट्रेतली तडकतात. पुठ्ठा थोडा दबतो, प्लास्टिक दबत नाही. तडकलेलं अंडं म्हणजे नुकसान आहेच, पण तो बलक सगळ्या ढिगावरून खाली उतरतो, ते जास्त वाईट. त्यामुळे सहाच्या वर थर लावू नका.

जमेच्या बाजूला पावसाळा. पुठ्ठा ओलसर हवेत मऊ पडतो, त्याला बुरशी येते, तळ फाटून अंडी सांडतात. प्लास्टिकला यातलं काही नाही. आणि एक फायदा मी गृहीत धरला नव्हता. पुठ्ठ्याच्या ढिगात उंदीर घरं करायचे. त्यांच्या पायांना, अंगाला लागून शेडमधली घाण इकडची तिकडे होते, म्हणून तेही रोगाच्या साखळीतले आहेत. आता नवा पुठ्ठा फक्त फाटकाच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर असतो, आणि आत उंदरांना लपायला काही उरलेलं नाही.

ट्रे काय करत नाही, तेही सांगायला हवं. दोन-तीन गाड्या अशा आहेत ज्यांच्यापुढे ट्रेचा काही उपयोग नाही. अंड्यावरून उतरलेल्या कोंबड्या नेणारी कलची गाडी, एकाच दिवसात चार फार्म करणारी. तिचे क्रेट तर ट्रेपेक्षा दहापट घाण. चोची छाटणारी आणि लस टोचणारी टोळी, जी प्रत्यक्ष प्रत्येक कोंबडीला हात लावते. आणि खत नेणारा ट्रॅक्टर. आम्ही कलच्या कोंबड्या आमच्या क्रेटमधून फाटकापर्यंत आणून देतो, टोळीला अंगावरचे कपडे आणि गमबूट आमचे देतो. शेडच्या दारात एक आडवं बाक टाकलं आहे. बाकाच्या अलीकडे बाहेरच्या चपला काढायच्या, पाय उचलून पलीकडे आतले गमबूट घालायचे. बाक ओलांडल्याशिवाय कुणी आत जात नाही, मीही नाही. औषधाच्या पायधुणीपेक्षा माझा या बाकावर जास्त भरवसा आहे. पायधुणीत चिखलाचे बूट बुडवले की औषध मरतं, हे मघाच्या क्लोरीनसारखंच.

पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली आणि क्लोरीन घातलेली हवी. कावळे आत येणार नाहीत अशी जाळी हवी. २०२१ मध्ये आपल्या राज्यात जागोजागी कावळे मेले होते, २०२५ च्या जानेवारीत उदगीरलाही तेच झालं. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकली की कावळा आणि कुत्रा ती गावभर पोहोचवतात. खड्डा, चुना, वर माती, याला पर्याय नाही.

लस मारली आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. भोपाळच्या सरकारी पशुरोग संस्थेने विकसित केलेली जी लस आपल्याकडे मिळते ती एच९एन२ या सौम्य प्रकाराची आहे. अंडी घटण्याच्या त्रासाला ती उपयोगी आहे, पण नवापूरला आला तो एच५एन१ तिने अडत नाही. त्यावर लस द्यायला आपल्या देशात परवानगी नाही.

ट्रेबरोबर एक फुकटची गोष्ट सुरू केली, तीही इथे लिहिते. मरीची वही आता लाइनवार ठेवतो. पूर्वी नुसतं 'आज ६' असं लिहायचो. आता कुठल्या लाइनीत, कितव्या पिंजऱ्यात, ते लिहितो. उन्हाळ्यात गरमीने सहा मेल्या तर त्या शेडभर विखुरलेल्या असतात. सहाच्या सहा एकाच लाइनीत, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत असतील तर प्रकरण वेगळं, मग एकूण आकडा कितीही लहान असो. त्याच लाइनीत खाद्य उरलेलं दिसलं तर मी वाट पाहत नाही. त्या दिवशी अंडी बाहेर जात नाहीत, माणसं शेड बदलत नाहीत आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन जातो. कोंबडी फाडून बघायची नाही, पिशवीत घालून मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायची नाही. डॉक्टर साहेबांना इकडे बोलवायचं. नमुने पुण्याच्या औंधमधल्या प्रयोगशाळेत आणि तिथून पक्क्या निदानासाठी भोपाळला जातात.

कळवलं तर सगळ्या कोंबड्या मारतील, या भीतीने लोक गप्प बसतात. ती भीती मला कळते. रोग पक्का झाला की १ किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या जातात आणि १० किलोमीटरपर्यंत पाळत राहते. २०२१ मध्ये आठ आठवड्यांवरच्या लेयरला ९० रुपये भरपाई होती, तलंगेच्या किमतीच्या पासंगालाही न पुरणारी. पण ती भरपाईही मारलेल्या कोंबडीची मिळते, आधीच मेलेलीची मिळत नाही. आठवडाभर लपवलं तर कोंबड्याही जातात आणि भरपाईही जाते, आणि त्या आठवड्यात आपले ट्रे शेजाऱ्याच्या शेडमध्ये पोहोचलेले असतात.

खाणाऱ्यांसाठी एवढंच, की ७० अंशांच्या वर शिजलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही. पिवळं घट्ट होईपर्यंत उकडलेलं अंडं बिनधास्त खा.

कुणी घ्यावेत, तर पिंजऱ्यातल्या लेयर असलेल्या, आणि त्यातही एकापेक्षा जास्त शेड असलेल्या प्रत्येकाने. रोजच्या ट्रेच्या तिप्पट संख्या धरा. एक दिवस शेडमध्ये, एक दिवस खोलीत, एक दिवस धुण्यात. आम्ही बरोबर तिप्पट घेतले आणि फुटलेले वजा जाता आता ओढाताण होते, तेव्हा वर दहा टक्के जास्तच मागवा. ब्रॉयलरवाल्यांना ट्रेचा संबंधच नाही, त्यांनी तेच पैसे गमबूट, बाक आणि स्वतःचे क्रेट यांवर घालावेत. परसातल्या वीस-पंचवीस कोंबड्यांना घरची टोपली पुरे, फक्त ती बाजारात नेऊन परत खुराड्यात आणू नका.

मी या वेळी आणखी १०० मागवते आहे, जड वजनाचे आणि गडद हिरवे, पिवळ्यांच्या जागी. थंडीच्या आत घ्यायचे असतील तर दसऱ्यापर्यंत मागणी नोंदवा, धुण्याचा हौद आणि फाटकाची खोली उभी करायलाही महिना लागतो.